ह्यांना आवडलेला सिनेमा

द्वारका,
नवी दिल्ली, २ जून २०२५

मेथी निवडून झाली होती, कणीक भिजवून झाकून ठेवली होती आणि मी घाईघाईनं दोरीवरचे कपडे ओढत होते, कारण वरच्या भटनागरबाई चटई झटकायला लागल्या की सगळी धूळ आमच्या कपड्यांवर यायची. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधली सकाळ. हे स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. एक बूट झाला, दुसरा हातात घेतला, आणि त्या बुटाकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "उठ तो जाऊँ, पर आज के दिन का अपमान हो जाएगा." मग एकटेच हसायला लागले. इतके हसले की ब्रश हातातून पडला. मी म्हटलं, "अहो, ऑफिसला जायचंय की नाही?"

"जायचंय गं," म्हणाले, "म्हणूनच तर हसतोय."

भालचंद्र भावजी, ही सकाळ तुम्हाला सांगतेय, कारण त्या सकाळी ह्यांना काहीही झालेलं नव्हतं. साधी बीपीची गोळीसुद्धा नव्हती. रिटायर व्हायला अवकाश होता, वल्लरी कॉलेजात होती आणि 'कूलर में पानी' आम्ही नुकताच थिएटरात पाहिला होता. बुटाला ऐकवलेलं ते वाक्य त्यातलंच. त्यानंतरच्या आठवड्यात हे मला न सांगता ऑफिसातून परस्पर पुन्हा बघून आले. डब्यात भाजी तशीच राहिली होती, त्यावरून मला कळलं.

काल नरसिंहराव स्वतः घरी येऊन पत्रिका देऊन गेले. आपल्या मराठी मंडळाचा सचिव एवढ्या उन्हात करोल बागेतून द्वारकेला येतो, मला बरं वाटलं. 'कै. हरीश स्मृती चित्रपटमाला, वर्ष पहिले.' बाहेर ह्यांचा फोटो, आत मित्र म्हणून तुमचा लेख. चहा उकळत होता तिथंच उभ्यानं वाचायला लागले. पहिल्या पानाला डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तुम्ही लिहिता छानच. मग हे आलं:

'अखेरच्या काळात आजाराने आणि औषधांनी हरीशची अभिरुची काहीशी मंदावली होती. "कूलर में पानी"सारख्या सुमार चित्रपटात तो रमू लागला होता. आपण मात्र त्याला त्याच्या उमेदीतल्या रसिकतेसाठी लक्षात ठेवू या.'

चहा भांड्यात आटून गेला. गॅस नरसिंहरावांनी बंद केला.

ह्यांच्या किडन्या गेल्या होत्या, भावजी. डोकं शाबूत होतं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा पेन्शनच्या कागदावरची क्लार्कची चूक ह्यांनी पडल्या पडल्या काढली होती. आणि हा सिनेमा ह्यांना आजारपणाच्या कितीतरी आधीपासून आवडायचा, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. तुमच्याच हॉलमध्ये, तुम्ही पहिल्या रांगेत बसलेले असताना, ह्यांनी तो सगळ्यांना दाखवला होता. त्या संध्याकाळबद्दल आज लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ते वाक्य काढा. आणि ह्यांच्या नावानं सिनेमा दाखवायचा असेल तर ह्यांना आवडलेला दाखवा. तुम्हाला आवडलेला दाखवायचा असेल तर खुशाल तुमच्या नावानं दाखवा.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो' म्हणते.

कुमुदिनी


द्वारका,
७ जून २०२५

भालचंद्रराव,

पत्राला पत्रानं उत्तर देता आलं असतं. तुम्ही फोन केलात. आणि तेच झालं, तुम्ही बोलत राहिलात. "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता." "वहिनी, वर्षही झालं नाही, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो." "नावाला शोभेल असं काहीतरी नको का?" फक्त 'हो' मी एकदाही म्हटलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

तुम्ही विचारलंत, "त्या सिनेमात आहे काय, सांगा तरी मला," आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत, "काहीही नाही." तर आता सांगते. मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

जतहून लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा मी दहावी पास होते. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत होते. मग मंडळाच्या वाचनालयाचं कपाट वाचलं, वरच्या फळीपासून खालपर्यंत, कारण कुठलं आधी वाचायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही एकदा माझ्या हातातली कादंबरी बघून म्हणाला होतात, "वहिनी, जड जाईल." जड गेली. पण वाचली. मला मोठं पुस्तक कळतं आणि हलकंही कळतं, आणि दोन्हींतला फरकही कळतो.

जूनचा महिना, लक्ष्मी नगरमधली गच्चीवरची एक खोली, बिट्टू आणि तिवारी नावाचे दोन बेकार मुलगे आणि एक कोरडा कूलर. पाईप नळापासून कूलरपर्यंत पोहोचत नाही, हातभर कमी पडतो. बादलीनं पाणी खालच्या मजल्यावरून आणायला हवं. पाळी कुणाची, यावर अख्खा सिनेमा. सिनेमा आला तेव्हा तुम्ही त्याच्या परीक्षणात लिहिलंत, 'दोन तासांत कूलरही भरत नाही आणि प्रेक्षकही भरून पावत नाही.' वाक्य चांगलं आहे. लोक हसले असतील.

पण त्यात एक जागा आहे. दुपारी लाईट गेलीय, दोघं ओले गमछे अंगावर टाकून फरशीवर पडलेत, श्रीमंत झालो तर काय काय खाऊ याची यादी चाललीय, आणि गावाहून तिवारीच्या वडलांचा फोन येतो. तिवारी मानेनंच नको म्हणतो. बिट्टू फोन घेतो आणि म्हणतो, "अंकल, साहब मीटिंग में हैं." पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. मग म्हातारा म्हणतो, "अच्छा. मीटिंग के बाद पानी पी ले, कहना. वहाँ गरमी बहुत है." बस. फोन ठेवतो. दोघं पुन्हा यादीला लागतात, रबडीपासून. रडणं नाही, बासरी नाही, काही नाही. बापाला सगळं कळलंय, मुलाला कळलंय की बापाला कळलंय, आणि कुणी कुणाला उघडं पाडत नाही. त्या जागी हे दर वेळी गप्प व्हायचे. मी सूप घेऊन उभी असले तर हातानं थांबवायचे.

ह्यांच्या वडलांचाही असाच फोन यायचा. पहिल्यांदा परीक्षेत नापास झाले तेव्हा ह्यांनी घरी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला कधी बोलले नसतील. तुम्ही कधी विचारलं नसेल.

आणि शेवट. कूलर भरतच नाही, खरं आहे. दोघं तो कोरडा कूलर ओढत गच्चीत नेतात, चालू करतात आणि समोर बसतात. भट्टीसारखी गरम हवा येतेय. तिवारी म्हणतो, "ये तो लू है." बिट्टू म्हणतो, "हाँ, पर इसमें बटन है." आमच्या वल्लरीच्या गुडगावच्या ऑफिसात या वाक्याचे स्टिकर आहेत. बॉसनं सुट्टी नाकारली की सगळे ग्रुपवर तेच टाकतात. नोएडात पोरं दर जूनमध्ये भाड्यानं हॉल घेऊन हा सिनेमा लावतात, सगळे डायलॉग मोठ्यानं म्हणतात आणि मिळतील तेवढे कूलर सोबत घेऊन येतात म्हणे. टीकाकारांनी एकेक तारा दिलेला सिनेमा. ती पोरं दिवसभर राबतात, भालचंद्रराव. आळशी माणसाला या सिनेमात हसू येणारच नाही. ज्याला रोज उठायलाच लागतं त्याला येतं. हे पहाटे पाण्याची मोटर लावायला उठायचे, दूध आणायचे, दहा वाजता फाईलवर बसायचे, आणि सगळी नोकरी असंच. 'आज नको' म्हणायची सोय ह्यांना आयुष्यात फक्त त्या दोन तासांत होती.

अभिरुची मंदावली म्हणे.

वल्लरीला पत्र वाचून दाखवलं. म्हणते, "आई, तू बिल्कुल सही है, पण सोड ना यार. काकांचं वय झालंय."

"माझंही झालंय," मी म्हटलं.

"हां, पण तू हायपर होतेयस."

"होऊ दे. तुझ्या बाबांना कधी होता आलं नाही."

उत्तर पत्रानं द्या.

कुमुदिनी


द्वारका,
१७ जून २०२५

भालचंद्रराव,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, बायकोला पाठवलंत. काल दुपारी अरुणा आली. येताना पन्हं घेऊन आली, तिचा माझ्यावर जीव आहे, माझाही तिच्यावर आहे, म्हणून तिला मी काही बोलले नाही. तुम्हाला बोलते.

ती म्हणाली, "कुमुद, ते वाक्य ह्यांनी हरीशभावजींना सांभाळून घ्यायला लिहिलंय गं. उद्या कुणी म्हणायला नको, बघा, एवढा जाणकार माणूस आणि असला सिनेमा बघायचा."

सांभाळून! कशापासून? हसण्यापासून?

मग म्हणाली, "तुला सांगायचं नव्हतं, पण हे हॉस्पिटलच्या गेटपर्यंत आले होते. दोनदा. गाडी लावायला जागा नाही, म्हणून परत आले म्हणाले."

"खरंय," मी म्हटलं, "तिथं जागा मिळत नाही. दिल्लीत कुठंच मिळत नाही. लोक तरी येतात."

अरुणा रडायला लागली. मी पन्हं प्यायले. गोड जास्त झालं होतं.

ती गेल्यावर ठरवलं की त्या संध्याकाळबद्दल लिहायचं. तुम्ही ती विसरला असाल, म्हणून लिहिते.

मंडळातलं चित्रपट मंडळ तुम्ही दोघांनी सुरू केलं. म्हणजे, सिनेमा तुम्ही निवडायचात आणि प्रोजेक्टर हे स्कूटरवरून आणायचे. पडदा हे बांधायचे, खुर्च्या हे लावायचे, चहाचा थर्मास आमच्या घरून, चिवडाही आमच्या घरून. हे ह्यांना मनापासून आवडायचं, तक्रार नव्हती. सिनेमा संपला की तुमचा एक नियम होता. प्रत्येकानं उठून एकच वाक्य बोलायचं आणि त्यावर कुणीही काहीही म्हणायचं नाही. मला तो नियम फार आवडायचा. त्या नियमामुळे मी पहिल्यांदा चार माणसांत बोलले.

इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, ह्यांनी म्हटलं, या महिन्याचा सिनेमा मी आणू का? तुम्ही 'आण ना' म्हणालात. ह्यांनी 'कूलर में पानी' आणला. त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. सिनेमा चालू असताना मागच्या रांगा हसत होत्या, तुम्ही घड्याळ बघत होतात. मग एकेक वाक्य सुरू झालं. ह्यांची पाळी आली. हे उठले आणि म्हणाले, "मला आवडला, कारण यात कुणालाच काही सिद्ध करायचं नाहीये."

आणि तुम्ही, नियम तुमचा, तुम्हीच मोडलात. बसल्या जागेवरून म्हणालात, "हरीश, तू आपला पडदा बांध, खुर्च्या लाव. सिनेमा निवडायचं आमच्यावर सोड."

सगळे हसले. हेही हसले. मग ह्यांनी खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या, प्रोजेक्टर बांधला, थर्मास विसळून घेतला. घरी येताना स्कूटरवर, मोतीबागच्या सिग्नलला मी विचारलं, "राग आला का?" तर म्हणाले, "छे गं, चेष्टेत बोलला तो."

त्यानंतर हे मंडळात आले नाहीत. तुम्ही बोलवायला आला नाहीत. नंतर हे रिटायर झाले, आम्ही इकडे द्वारकेत आलो, आजारपण आलं, डायलिसिस आलं. आठवड्यातून तीनदा चार चार तास त्या खुर्चीत. हे कानाला एक इयरफोन लावून मोबाईलवर तोच सिनेमा बघायचे, दुसरा इयरफोन शेजारच्या खुर्चीतल्या सरदारजींना. सिस्टर ओरडायची, "अंकल, हिलो मत, मशीन बोलेगी." दोघं तोंडं दाबून हसायचे. डायलिसिसच्या खोलीत हसू ऐकू येतं, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. सरदारजी तेराव्याला आले होते. पानिपतहून, बस बदलून. त्यांचं नाव मला आजही नीट माहीत नाही.

तुम्ही लिहिलं होतंत, 'नायक अखेरपर्यंत काहीही करत नाहीत.' करतात, भालचंद्रराव. ते एकमेकांना सोडून जात नाहीत. भांडतात, एकमेकांचे पैसे चोरतात, एक दुसऱ्याची मुलाखत बुडवतो, पण खोली सोडून कुणी जात नाही. तुम्हाला ते काही केल्यासारखं वाटलं नाही.

वाक्य अजून छापलेलं आहे. कार्यक्रमाचा रविवार जवळ आलाय.

कुमुदिनी


द्वारका,
२३ जून २०२५

भालचंद्रराव,

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आलाय: 'कालच्या कार्यक्रमात श्रीमती कुमुदिनीताईंना भावना अनावर झाल्याने थोडा व्यत्यय आला, तरी सर्वांनी समजून घ्यावे.' खाली चाळीस जणांचे हात जोडलेले.

ह्यांना सिनेमा आवडला तर औषधांमुळे, मी काही केलं तर भावनांमुळे. आमच्या घरात स्वतःच्या डोक्यानं कुणी काही करतच नाही, असं दिसतं. म्हणून जे झालं ते लिहून ठेवतेय. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितेय. वाटलं तर ग्रुपवर टाका.

शनिवारी तुम्ही आलात. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आलात, दारात उभं राहून आधी दम घेतलात. कितीतरी वर्षांनी पाहिलं तुम्हाला. म्हातारे झालात. मी पाणी दिलं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत. तिथं नुसता खिळा होता, कारण ह्यांचा फोटो नरसिंहराव कार्यक्रमासाठी घेऊन गेले होते.

"वहिनी, ते वाक्य उद्या मी वाचणार नाही," तुम्ही म्हणालात.

"छापलंय ना?"

"छापलंय. वाटून झाल्यात पत्रिका."

"आणि सिनेमा?"

"वहिनी, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. मी निवडलेला सिनेमा खरंच मोठा आहे. हरीशला शोभणारा आहे."

"ह्यांना आवडला असता का?"

तुम्ही बराच वेळ विचार केलात. तेवढं मात्र प्रामाणिकपणे केलंत. म्हणालात, "झोपला असता बहुतेक."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं. क्षणभर वाटलं, संपलं सगळं, आता तुम्ही म्हणाल, चला, बदलून टाकू. तुम्ही म्हणालात, "पण माणसाचं नाव राहतं वहिनी, झोप नाही राहत. पुढच्या वर्षी आलेल्या माणसाला काय सांगायचं, की हा कूलरच्या सिनेमावाला?"

"हो," मी म्हटलं, "तेच सांगायचं."

मग तुम्ही पेला खाली ठेवलात आणि विचारलंत, "हरीशला माझा राग होता का?"

ते विचारायलाच तुम्ही तीन जिने चढून आला होतात, हे मला तेव्हा कळलं.

"नव्हता," मी सांगितलं. "ह्यांना राग धरता यायचा नाही. त्या संध्याकाळनंतरच्या महिन्यात, तुमच्या रविवारी, हे चार वाजता कपडे करून बसले होते. प्रोजेक्टर पुसून दाराशी ठेवला होता. तुमचा फोन येईल म्हणून. सहा वाजता उठून शर्ट बदलला."

तुम्ही पुन्हा त्या खिळ्याकडे बघितलंत.

"सगळा राग माझ्याकडे आलाय," मी म्हटलं. "मी तो टाकणार नाही, भालचंद्रराव. ह्यांच्या वाटणीचाही मलाच करायचाय."

जिना उतरताना तुम्ही कठडा धरून उतरत होतात. मी वरून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोनं मंडळात आले. समई लावायला माझं नाव पुकारलं तेव्हा उठले, टेबलावरचा ह्यांचा फोटो घेतला, हार काढून टेबलावर ठेवला आणि नरसिंहरावांना सांगितलं की बॅनरवरचं ह्यांचं नाव उतरवा आणि सिनेमा सुरू करा. मग फोटो मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले आणि तुमचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. चांगला होता.

कुमुदिनी